खोबऱ्याच्या गोट्यातली नथ

मुक्काम मोटार,
कोंडिबाचं खळं, भुकूम (पौड रस्ता).
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, शके १८८०

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिच्या पायांवर धाकट्या वामनाचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? आप्पांचा दमा थंडीत उचल खातो, तेव्हा त्यांना ज्येष्ठमधाचा काढा देत जा आणि ते तो पिईपर्यंत समोरून हलू नकोस, नाही तर ते तो तुळशीला घालतात (मागच्या वर्षी तुळस जळली ती त्यानेच, असं माझं स्पष्ट मत आहे, आप्पांना सांगू नकोस). चि. जयाला अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहितो. ‘सर्व’ या शब्दात काय काय बसवायचं ते तू पत्र वाचून झाल्यावर ठरव. आईच्या नथीचं तू विचारलं आहेस. नथ आहे. माघात तुझ्या जयाच्या लग्नात ती तिच्या नाकात तुला दिसेल. एवढं वाचून पत्र खाली ठेवशील तर मात्र तुझ्या भावाने मार्गशीर्षाच्या उन्हात काय काय सोसलं ते तुला कधीच कळणार नाही. तुझ्या पत्रात ‘नथ जिवापाड सांभाळ आणि लग्नाआधी रजिस्टर पार्सलने धाड’ असं होतं. आक्का, सगळा घोटाळा त्या ‘जिवापाड’ने झाला. नुसतं ‘सांभाळ’ लिहिलं असतंस तर नथ कपाटात पडून राहिली असती आणि मी घरी.

तुला ठाऊकच आहे, माझी उभी हयात सरकारी ट्रेझरीत गेली. तिजोरीला किल्ल्या दोन, त्या दोन माणसांकडे, वर लाखेचं सील, सिलावर शिक्का. माझ्या कारकिर्दीत एक नवा पैसा इकडचा तिकडे झाला नाही. (पैसे मोजायचं काम दुसऱ्याकडे होतं, माझ्याकडे लाख वितळवायचं होतं, पण जबाबदारी जबाबदारीच.) त्यामुळे चोरांपासून मौल्यवान वस्तू कशी राखावी या विषयात महाराष्ट्रात माझ्याइतका जाणकार नसेल, असा माझा समज होता. तो समज आता या भुकूमच्या रस्त्यावर कुठेतरी पडलेला आहे. सापडला तरी कोणी परत आणून देऊ नये.

सेवानिवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. मी खडकीच्या लिलावात गेलो आणि लष्कराने टाकून दिलेली एक जुनी अँब्युलन्स घेऊन आलो. आत जखमींना निजवायच्या दोन फळ्या आहेत, त्यांवर गाद्या टाकल्या. मागे स्टोव्ह, वर फडताळ, बाजूला जाळीची खिडकी. मी सौ.ला म्हटलं, ही मोटार समजू नकोस, हे घर आहे. आता आपण जिथे थांबू ते आपलं गाव. (हे वाक्य लक्षात ठेव. मी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतक्यांदा ऐकवलं, की पुढे ते माझ्याच अंगावर आलं.) बाहेरून हिरवा रंग दिला, पण लाल क्रॉस काही केल्या आतून वर येतोच. परिणाम असा, की जिथे थांबावं तिथे लोक दाढा धरून येतात. सौ.ने पहिल्या दिवशी एका म्हातारीच्या गुडघ्याला बाम चोळला आणि तेव्हापासून ती या पंचक्रोशीत डागतरीणबाई आहे. मला कोणी डॉक्टर समजलेलं नाही. ते मला डॉक्टरणीचा गडी समजतात.

बेत मुळशीचं धरण बघण्याचा होता. मग प्रश्न आला नथीचा. घर बंद करून नथ कपाटात ठेवायची म्हणजे चोराला आमंत्रणच. शेजारी ठेवावी तर शेजारीणबाई ती घालून हळदीकुंकवाला जातील. तेव्हा नथ डोळ्यांसमोर, म्हणजे मोटारीतच, ठेवायची असं मी ठरवलं. आता मोटारीत चोर आला तर कुठे हात घालेल? ट्रंकेत. म्हणून एक लोखंडी ट्रंक घेतली, तिला तीन अस्सल अलिगढी कुलपं लावली आणि ट्रंकेत मुठेतले गोटे भरले. चोराने ट्रंक उचलावी, कमरेत उसण भरून घ्यावी आणि दगड घेऊन घरी जावं, अशी योजना. खरी नथ मात्र मी कापसात गुंडाळून खोबऱ्याच्या गोट्यात घातली. वाळलेल्या खोबऱ्याचा आख्खा गोटा आतून पोकळ असतो. त्याचं एका टोकाचं टोपण कापलं, नथ आत सारली, टोपण परत बसवलं आणि फटीवर लाख फिरवली. लाख तपकिरी, खोबरंही तपकिरी. ब्रह्मदेवाला शोधून सापडलं नसतं. तो गोटा फडताळात तांदळाच्या डब्यावर ठेवला. वर शिक्का मारण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. सौ.ला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नाही. ट्रेझरीचा पहिला नियमच तो, की गुपित एका कानात सुरक्षित, दोन कानांत अर्धवट. शिवाय बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं मी त्या वेळी मानत होतो.

भुकूमला चढावर मोटारीने राम म्हटला. आमचा ड्रायव्हर भैरू (हा माजी लष्करी माणूस; बंदुकीखेरीज दुसऱ्या कशाशी तो आदराने बोलत नाही) म्हणाला, पार्ट पुण्याहून आणावा लागेल. मोटार ढकलून रस्त्याकडेच्या खळ्यावर नेली. खळं कोंडिबा नावाच्या शेतकऱ्याचं. आंबेमोहोराची मळणी नुकतीच उरकलेली, त्यामुळे जागा मोकळी होती. कोंडिबाने भाडं घेतलं नाही, उलट भाकरी आणून दिली आणि मोटारीभोवती एक फेरी मारून विचारलं, “दवाखाना हितंच ऱ्हानार व्हय कायमचा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू एस.टी.ने पुण्याला निघाला. मी त्याला बजावलं, जाताना मागच्या दाराला बाहेरून कुलूप घाल, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल आत कोणी नाही. (आत कोणी नाही असं वाटलं की चोर बिनघोर येतो, हे मला नंतर सुचलं.) भैरू आज्ञाधारक. कुलूप घालून, किल्ली जाळीतून माझ्या हातात देऊन तो गेला. ती किल्ली मी नेहमीच्या सुरक्षित जागी, म्हणजे जानव्याला, निरगाठ मारून बांधली. आणि मग माझ्या ध्यानात आलं, आक्का, की कुलूप बाहेर, किल्ली आत, आणि आम्ही उभयता किल्लीच्या बाजूला. सौ. स्टोव्हपाशी तांदूळ निवडत होती. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्या जानव्याकडे, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको बोलत नाही, नुसती निवडत राहते.

कोंडिबा बाजारला गेलेला. हाका मारून माझा घसा बसला. शेवटी रस्त्याने एक मेंढरांचा कळप आला आणि कळपामागून एक ठसठशीत धनगरीण. तिचं नाव बानूबाई. दिवाळीनंतर ही मंडळी खाली उतरतात आणि रिकाम्या खाचरांतून मेंढ्या बसवत फिरतात, म्हणजे रानाला खत आणि मेंढ्यांना चारा. मी जाळीला तोंड लावून तिला हाक मारली. तिला वाटलं आत रोगी कोंडलेत, म्हणून ती आधी दोन पावलं मागेच सरली. मग सौ.चा आवाज ऐकून पुढे आली. किल्ली द्यावी तर निरगाठ घामाने अशी आवळलेली, की सुटेना. जानवं काढून परक्या हातात देणं शक्य नाही. तेव्हा जाळीच्या फटीतून किल्ली जेवढी बाहेर जाईल तेवढी घातली. दार खिडकीला लागूनच असलं तरी जानवं काही रबराचं नसतं. बानूबाई बाहेर कुलपात किल्ली फिरवतेय आणि मी आतून गालफडासकट जाळीला चिकटलोय, एक खांदा वर, एक खाली, असा देखावा झाला. कुलूप निघालं तेव्हा माझ्या गालावर जाळीची नक्षी उमटली होती. ती दुपारपर्यंत होती.

बानूबाई आत डोकावली. आमच्या फिरत्या घरात पाऊल टाकणारी ती पहिली सवाष्ण. सौ.ने तिला पाटावर बसवलं, चहा दिला, दोघी कितीतरी वेळ हळू आवाजात बोलल्या. मी बाहेर उभा राहून दाराशी ठेवलेल्या ट्रंकेची कुलपं ओढून बघत होतो. जाताना सौ.ने हळदकुंकू लावून तिची ओटी भरली. का भरणार नाही? ‘हे घर आहे’ असं कोण सांगत सुटलं होतं? आणि घरात आलेली सवाष्ण रिकामी जाते का? तांदळाच्या ओंजळी, एक खण आणि खोबरं. खोबरं म्हणजे डब्यावरचा तो गोटा. मेंढरं, घंटा, कुत्री आणि आपल्या आईची नथ अशी सगळी मिरवणूक भूगावच्या दिशेने निघून गेली आणि मी तिला हात हलवून निरोप दिला.

जेवणाच्या वेळी फडताळ बघितलं आणि माझ्या पायांखालची जमीन हलली. (कोंडिबा म्हणतो जमीन हलली नाही, मी हललो.) गोटा कुठे गेला, असं विचारलं. सौ. म्हणाली, ओटीत घातला. आता खरं सांगावं तर मीच गुपित ठेवून आईची नथ घालवली, हे कबूल करावं लागणार. मला ते धैर्य झालं नाही. मी म्हटलं, खोबरं काय महाग झालंय, असे आख्खे गोटे वाटत सुटायचे नसतात! आणि धोतर खोचून रस्त्याला लागलो. मागून ती काहीतरी म्हणाली, पण मी ऐकायला थांबलो नाही.

भूगावपर्यंत मी धावलो असं मी म्हणेन. बघणाऱ्यांनी वेगळी क्रियापदं वापरली. वाटेत जो भेटेल त्याला विचारत होतो, धनगराची मेंढरं पाहिलीत का? लोक विचारत, “काय झालं?” खोबरं दिलंय, ते परत आणायला चाललोय, हे उत्तर मी एकदाच दिलं. दुसऱ्यांदा द्यायची गरज पडली नाही, कारण ते माझ्या पुढे पळत होतं. पुढच्या वळणावर एक शेतकरी बांधावरून आपणहून ओरडला, “खोबरंवालं काका, म्होरं गेली मेंढरं, पळा!”

बानूबाईचा नवरा पिराजी खाचरात वाघर लावत होता (वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं). मी धापा टाकत ओटीचा विषय काढला. त्याने मला आधी बसवलं, वाटीभर दूध दिलं आणि मग सगळ्या बिऱ्हाडाला हाक मारून सांगितलं, की हे डागतरीणबाईंचे मालक खोबऱ्यासाठी भुकूमहून आलेत. मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या. बानूबाई हसली नाही, ते मात्र फार लागलं. ती म्हणाली, “वटीत घातल्यालं माघारी मागत्यात व्हय कुटं? आमच्यात न्हाई मागत. तुमच्यात मागत्यात काय?” मी म्हटलं आमच्यातही नाही मागत, पण... दुप्पट खोबरं आणून देतो म्हटलं. तिने पदरातला तो गोटा काढून माझ्यासमोर धरला आणि परत पदरात टाकला. “सवाशिनीच्या हातनं आलंय त्ये. सवाशिनीच्याच हातात जाईल, गड्याच्या न्हाई. जावा तुमी. उन्हाचं पळू नका आता.”

आक्का, परत येताना मी चालत आलो आणि तुला कोणत्या शब्दांत कळवावं याची जुळवाजुळव करत आलो. आई ती नथ सणासुदीला कशी डाव्या हाताने सावरून जेवायची ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. रस्त्यातच मला रडू आलं, हे तुलाच सांगतो. खळ्यावर पोचलो तर ट्रंक जागच्या जागी आणि दगडही जागच्या जागी, पण तिन्ही अलिगढी कुलपं गायब. सौ. विहिरीवर धुणं घेऊन गेली असताना कोणीतरी शांतपणे कुलपं तेवढी काढून नेली. दगड त्याने बघून परत नीट झाकण लावलं होतं. कोंडिबाने येऊन सगळी पाहणी केली आणि म्हणाला, “शेळ्यांचं काम न्हाई ह्ये. शेळी लोखंड खात न्हाई.” मग थोडा विचार करून म्हणाला, “कुलपं चांगली असनार.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी मोटारीपुढे मेंढरंच मेंढरं. बानूबाई आणि पिराजी आले होते. बानूबाईने सौ.ला आमच्याच पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. बाजरी, नवा खण, आणि वर तो गोटा! लाख जशीच्या तशी. मी मोटारीच्या चाकाला धरून उभा राहिलो. बानूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई म्हनली म्हायेरचं कुनी ऱ्हायलं न्हाई. म्हनलं, वटी भराया म्हायेरच लागतं का? आता हायेच म्हायेर. हितं आलीस की रिकामी जायाचं न्हाई, बया.” आणि पिराजीने माहेरची भेट म्हणून एक कोकरू सौ.च्या मांडीवर ठेवलं. सौ. रडली. पिराजी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मिळालं न्हवं खोबरं?”

तेव्हा अशी ही हकीकत आहे. मोटारीच्या राखणीचं काम आता कोकराकडे आहे. कोणी दहा हातांवर आलं तरी ते ओरडतं, आणि कोणी आलं नाही तरी ओरडतं. भैरू पार्ट घेऊन आला, तो दुसऱ्याच मोटारीचा निघाला, तो पुन्हा गेला आहे. मुळशीचं धरण अद्याप पाहिलेलं नाही. कोंडिबा म्हणतो ते कुठे जात नाही. आप्पांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काढ्याचं विसरू नकोस.

तुझा
वामन

ता. क. गोटा मी फोडलेला नाही. बानूबाईचं म्हणणं, ओटीत आलेलं खोबरं देवापुढे ठेवून बाईनेच फोडायचं, आणि तिचं म्हणणं मोडायची माझी आता छाती नाही. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. मी नथ कापसात गुंडाळली होती, ती वाजायला नको होती, पण एवढ्या धावपळीत कापूस सुटला असेल. नथच आहे.

ता. क. २. यामुळे एक अडचण आली आहे. ओटीतून आलेली वस्तू पोस्टाने पाठवत नाहीत, सवाष्णीच्या हातून सवाष्णीच्या ओटीतच जाते. म्हणजे तुझ्या भावजयीने स्वतः साताऱ्याला येऊन जयाची ओटी भरायला हवी. तुझ्या पत्रात बोलावणं मला एकट्यालाच होतं. हिचं नाव शाईतच राहिलं असेल, असं मी हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत राहिली. आक्का, आईने नथ तुला न देता सुनेला दिली हे तुझ्या मनात आहे, ते मला कळतं. पण ती मागून घेतलेली नव्हती. ही त्या दिवशी बानूबाईला ‘माहेर नाही, आणि नणंद लग्नाला बोलवत नाही’ असं म्हणाली होती, ते मला पिराजीकडून कळलं. रस्त्यावरच्या परक्या बाईला ते सांगावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. हिच्या नावाने दोन ओळी लिही. हिला सांगू नकोस मी लिहायला सांगितलं म्हणून. पत्र बंद करून पेटीत टाकायला हिच्याकडेच देतोय, पण ही दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

ता. क. ३. (हे माझ्या हातचं.) वन्संना सा. नमस्कार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं म्हणून उघडलं, तेवढ्यात वाचलं गेलं. नथ गोट्यात नाही. यांनी लाख वितळवली तेव्हा वास आला, म्हणून बघितलं. खोबऱ्याच्या तेलाने मोती पिवळे पडतात, म्हणून त्याच दिवशी नथ काढून घेतली. तेव्हापासून ती माझ्या कनवटीला आहे. गोटा हलका लागला तर यांना शंका येईल म्हणून आत सुपारी घातली आणि यांच्याच लाखेने बंद केला. ओटीला खोबरं-सुपारी लागतेच, ती एकत्र गेली. हे धावले तेव्हा मी मागून सांगत होते, यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा विचारलं, तर पुन्हा ‘खोबरं महाग झालंय’ म्हणाले, मग मीही गप्प बसले. नथीसाठी म्हणाले असते तर लगेच काढून दाखवली असती.

नथ जयाचीच. सासूबाई गेल्या तेव्हाच मनात ठरवलं होतं, पण तुम्ही बोलेनात, आणि मग मलाही बोलायला जमेना. माझ्या हाताने तिच्या नाकात घालावी एवढी इच्छा आहे. बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर रजिस्टर पार्सल करीन, खोबऱ्याशिवाय.

सौ. द्वारका